चालू खाते

चालू खाते हे बँकेतील मागणी ठेवीचे खाते होय. यातील रक्कम खातेदाराला पूर्वसूचना न देता केव्हाही काढता येते, धनादेशाने किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने दुसऱ्यास देता येते, आणि व्यवहारांच्या संख्येवर सहसा मर्यादा नसते. भारतात हे खाते प्रामुख्याने व्यापारी, कारखानदार, भागीदारी संस्था, कंपन्या, व्यावसायिक आणि विविध संस्था वापरतात. बचत खाते आणि चालू खाते यांतील ठळक भेद असा, की भारतात चालू खात्यातील शिलकेवर व्याज मिळत नाही. खातेदार व्याजाचा त्याग करतो आणि त्या बदल्यात पैशाची मुक्त हालचाल, अधिकर्षाची सवलत व व्यवसायाला उपयोगी सेवा मिळवतो. हा सौदा कोणाला लाभदायक व कोणाला तोट्याचा, हे व्यवसायाच्या उलाढालीवर आणि खात्यात सरासरी किती रक्कम पडून राहते यावर अवलंबून असते.

अमेरिकेत ज्यास 'चेकिंग अकाउंट' म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ज्यास 'करंट अकाउंट' म्हणतात, ती खाती याच जातीची आहेत. मात्र त्या देशांत पगारदार कुटुंबेही दैनंदिन खर्चासाठी तीच वापरतात. भारतात कुटुंबाच्या दैनंदिन व्यवहाराचे काम बचत खातेच करते.

कायदेशीर स्वरूप

बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ याच्या कलम ५ मध्ये बँकव्यवसायाची व्याख्या दिली आहे. कर्ज देण्यासाठी किंवा गुंतवणुकीसाठी जनतेकडून अशा ठेवी स्वीकारणे, की ज्या मागणी होताच किंवा अन्यथा परत करावयाच्या असतात आणि धनादेश, धनाकर्ष, आदेश किंवा अन्य प्रकारे काढता येतात, असा तिचा आशय आहे. चालू खाते हे या व्याख्येचे सर्वांत शुद्ध उदाहरण मानता येईल.

खात्यात पैसे भरल्यावर ते बँकेच्या मालकीचे होतात आणि बँक खातेदाराची ऋणको बनते. खातेदार हा धनको असतो. इंग्लंडमधील हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ मध्ये फोली विरुद्ध हिल या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले आणि भारतीय न्यायालयांनीही ते स्वीकारले आहे. खात्यात अधिकर्ष झाला, म्हणजे शिलकेपेक्षा अधिक रक्कम काढली गेली, की हे नाते उलटते व बँक धनको होते.

धनादेशासंबंधीचे नियम १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात आहेत. खात्यात पुरेशी रक्कम असताना बँकेने धनादेश चुकीने परत केल्यास, कलम ३१ अन्वये खातेदाराला झालेली हानी भरून देण्याची जबाबदारी बँकेवर येते. ही जबाबदारी बँकेची स्वतःच्या खातेदाराप्रती असते. ज्याच्या नावे धनादेश काढला त्याच्याप्रती नसते.

चालू खात्यात जमा आणि नावे नोंदी अखंड चालू राहतात. अशा खात्यात कोणती जमा कोणत्या देण्यापोटी धरावी, याबाबत १८१६ मधील इंग्लंडच्या क्लेटन खटल्यातील नियम प्रसिद्ध आहे. अन्य करार नसल्यास सर्वांत आधीची जमा सर्वांत आधीच्या नावे नोंदीशी वळती होते. कर्जाचा जामीनदार निवृत्त झाल्यास किंवा भागीदार मृत्यू पावल्यास या नियमाला मोठे महत्त्व येते.

खाते कोण उघडू शकतो

एकल मालकीचे दुकान, भागीदारी संस्था, मर्यादित दायित्व भागीदारी, कंपनी, न्यास, सहकारी संस्था आणि व्यक्ती या सर्वांना चालू खाते उघडता येते. व्यापारी संस्थांना मात्र बचत खाते उघडता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निदेशांनुसार बचत खाते हे व्यक्तींसाठी व काही ठरावीक ना-नफा संस्थांसाठी राखलेले आहे. वैयक्तिक बचत खात्यात सातत्याने व्यापारी स्वरूपाची उलाढाल दिसू लागली, तर बँक खातेदारास चालू खाते उघडण्यास सांगू शकते.

एकल मालकाला स्वतःच्या ओळखीच्या कागदपत्रांबरोबर व्यवसायाचा पुरावा द्यावा लागतो. उद्यम नोंदणी, वस्तू व सेवा कराची नोंदणी, स्थानिक परवाने यांपैकी दोन कागदपत्रे साधारणतः मागितली जातात; दोन मिळणे शक्य नाही अशी खात्री पटल्यास बँक एकावरही खाते उघडू शकते. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याखालील कागदपत्र, ज्यास बोलीभाषेत 'शॉप ॲक्ट' किंवा 'गुमास्ता' म्हणतात, यासाठी सर्रास वापरले जाते. २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेस नोंदणी करावी लागत नाही, केवळ व्यवसायाची सूचना द्यावी लागते. मे २०२२ पासून चालू खाते उघडताना स्थायी खाते क्रमांक (पॅन) किंवा आधार क्रमांक देणे प्राप्तिकर नियमांनुसार बंधनकारक झाले.

आधीच कर्ज घेतलेल्या व्यावसायिकांना कोणत्याही बँकेत मुक्तपणे चालू खाते उघडता येत नाही. एका बँकेचे कर्ज घ्यावयाचे आणि विक्रीची रक्कम दुसऱ्या बँकेतील खात्यातून वळवावयाची, या प्रकाराला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ६ ऑगस्ट २०२० रोजी निर्बंध घातले. पुढे लहान कर्जदारांसाठी ते शिथिल करण्यात आले.

फायदे

व्यवहारांची मोकळीक: बचत खात्यात विनाशुल्क व्यवहारांची संख्या, धनादेशाची पाने आणि रोख भरणा यांवर तुलनेने कमी मर्यादा असते. चालू खात्यात ती बरीच मोठी असते. दिवसाकाठी शेकडो ग्राहकांकडून पैसे घेणाऱ्या आणि अनेक पुरवठादारांना ते देणाऱ्या व्यापाऱ्याला ही मोकळीक आवश्यक असते.

अधिकर्षाची सवलत: बँकेशी करार करून ठरावीक मर्यादेपर्यंत शिलकेपेक्षा अधिक रक्कम काढता येते. व्याज केवळ वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतेच लागते. माल आज घ्यावयाचा आणि उधारी महिन्याने वसूल व्हावयाची, अशा धंद्यात ही सवलत मुदत कर्जापेक्षा स्वस्त पडते.

व्यवसायाचा स्वतंत्र हिशेब: घरखर्च आणि दुकानाची उलाढाल एकाच खात्यात मिसळल्यास नफा-तोटा समजत नाही व करविवरण भरताना अडचण येते. स्वतंत्र खात्याचा उतारा हा उलाढालीचा पुरावा ठरतो आणि कर्ज मागताना बँका तोच तपासतात.

संस्थेच्या नावाने व्यवहार: धनादेश दुकानाच्या किंवा संस्थेच्या नावाने स्वीकारता येतात. भागीदारी किंवा न्यासाच्या खात्यात दोन व्यक्तींच्या संयुक्त सहीची अट घालता येते. त्यामुळे एकट्याच्या हातून पैसे निघून जाण्याचा धोका कमी होतो.

टंचाईच्या काळातील वेगळी वागणूक: ८ नोव्हेंबर २०१६ च्या निश्चलनीकरणानंतर रोख रक्कम काढण्यावर मर्यादा आल्या. तेव्हा बचत खात्यातून आठवड्याला २४,००० रुपये काढता येत होते, तर चालू खात्यातून ५०,००० रुपये. जानेवारी २०१७ मध्ये चालू खात्याची मर्यादा १,००,००० रुपयांवर नेण्यात आली आणि त्याच महिन्याअखेरीस ती उठली. बचत खात्यावरील मर्यादा १३ मार्च २०१७ पर्यंत राहिली.

तोटे

व्याजाचा अभाव: चालू खात्याची ही सर्वांत मोठी किंमत आहे. एखाद्या दुकानदाराच्या खात्यात वर्षभर सरासरी १,००,००० रुपये पडून राहिले आणि बचत खात्याचा दर २.५ टक्के धरला, तर त्याचे वर्षाला २,५०० रुपयांचे व्याज बुडते. मुदत ठेवीशी तुलना केल्यास तोटा आणखी वाढतो. महागाईमुळे त्या रकमेची खरेदीशक्ती घटते, ती वेगळीच. शिवाय जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत मिळणारी वजावट येथे निरर्थक ठरते, कारण व्याजच नसते. काही बँका ठरावीक रकमेपुढील शिल्लक आपोआप मुदत ठेवीत वर्ग करण्याची सोय देतात. त्यामुळे हा तोटा काही अंशी भरून निघतो.

किमान शिलकेची अट: बहुतेक बँका चालू खात्यासाठी मासिक किंवा तिमाही सरासरी शिल्लक ठरवून देतात. ती बचत खात्यापेक्षा अधिक असते. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरील किमान शिलकेची अट रद्द केली, पण ती सवलत चालू खात्यांना नव्हती. शिल्लक कमी पडल्यास दंड लागतो व त्यावर वस्तू व सेवा करही आकारला जातो. नियमित करदाता असलेल्या व्यापाऱ्याला शुल्कावरील या कराची वजावट मिळू शकते; आपसमेळ योजनेतील लहान व्यापाऱ्याला ती मिळत नाही.

सेवाशुल्क: १ जानेवारी २०२० पासून ऑनलाइन एनईएफटी व्यवहारांवर शुल्क न घेण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश लागू झाला, परंतु तो बचत खातेदारांपुरता होता. चालू खातेदाराकडून बँक शुल्क घेऊ शकते. ठरावीक मर्यादेपलीकडील रोख भरणा, धनादेशाची जादा पाने, परत आलेला धनादेश, यांचेही शुल्क वेगवेगळे असते.

फसवणुकीतील मोठा भार: रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक व खातेदार या दोघांचीही चूक नसताना तिऱ्हाइताकडून अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला आणि त्याची माहिती तीन कामकाजी दिवसांत दिली, तर खातेदाराचे दायित्व शून्य असते. चार ते सात दिवसांत माहिती दिल्यास त्याचे कमाल दायित्व बचत खात्यासाठी १०,००० रुपये ठरवले गेले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या आणि वार्षिक सरासरी शिल्लक २५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यक्तींच्या चालू खात्यांसाठीही हीच मर्यादा आहे. इतर सर्व चालू खात्यांसाठी ती २५,००० रुपये आहे.

बँकेचा धारणाधिकार: भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम १७१ नुसार बँकेला सर्वसाधारण धारणाधिकार असतो. त्याच बँकेतील कर्ज थकल्यास चालू खात्यातील शिल्लक त्यापोटी वळती होऊ शकते. चालू खाते व कर्ज एकाच बँकेत असणे सोयीचे असले, तरी त्यात हा धोका असतो.

करविभागाचे लक्ष: एका आर्थिक वर्षात चालू खात्यात ५० लाख रुपये वा त्याहून अधिक रोख जमा झाल्यास किंवा काढली गेल्यास बँक ती माहिती प्राप्तिकर विभागास कळवते. १ सप्टेंबर २०१९ पासून वर्षाला एक कोटी रुपयांपेक्षा अधिक रोख काढल्यास त्यावरील रकमेवर २ टक्के दराने उद्गम करकपात होते. प्रामाणिक व्यापाऱ्याला यामुळे नुकसान होत नाही, तथापि कापलेला कर विवरणपत्रातून परत मिळेपर्यंत खेळते भांडवल अडकून राहते.

धनादेश आणि फौजदारी जबाबदारी

धनादेशाची सोय मोठी, तशी त्यामागची जबाबदारीही मोठी आहे. परक्राम्य संलेख अधिनियमात १९८८ च्या दुरुस्तीने कलम १३८ समाविष्ट झाले आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. कायद्याने वसूल करता येण्याजोग्या देण्यापोटी दिलेला धनादेश अपुऱ्या शिलकेमुळे परत आल्यास तो गुन्हा ठरतो. २००२ च्या दुरुस्तीनंतर यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

यातील कालमर्यादा काटेकोर आहेत. धनादेश परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत धनादेश घेणाऱ्याने लेखी नोटीस द्यावयाची असते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले, तर गुन्हा घडत नाही. न दिल्यास त्यानंतर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार करावी लागते. २०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असताना धनादेशाच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश करण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. 'पैसे देऊ नयेत' अशी सूचना बँकेला देऊन या कलमातून आपोआप सुटका होत नाही. कंपनीच्या धनादेशाबाबत तिच्या कारभाराची जबाबदारी असलेल्या व्यक्तीही दोषी ठरू शकतात. भेट किंवा देणगी म्हणून दिलेला धनादेश मात्र या कलमाखाली येत नाही, कारण त्यामागे देणे नसते.

ही तरतूद बचत खात्याच्या धनादेशालाही लागू आहे. परंतु पुढील तारखेचे धनादेश देऊन माल उचलण्याची पद्धत व्यापारात रूढ असल्यामुळे चालू खातेदारांना तिची झळ अधिक बसते. धनादेशाची वैधता १ एप्रिल २०१२ पासून सहाऐवजी तीन महिने झाली. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये व त्यावरील धनादेशांचा तपशील बँकेला आधी कळवण्याची 'पॉझिटिव्ह पे' ही सोय सुरू झाली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे समाशोधन गठ्ठ्यांऐवजी दिवसभर सलग होऊ लागले. परिणामी 'धनादेश वटेपर्यंत दोन दिवस आहेत, तोवर पैसे भरू' हा हिशेब आता धोक्याचा झाला आहे.

ठेवीची सुरक्षितता

१९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर भारतात ठेव विम्याचा विचार पुढे आला आणि १९६२ पासून ठेव विमा महामंडळ कार्यरत झाले. प्रारंभी हे संरक्षण १,५०० रुपयांचे होते. १९९३ मध्ये ते १,००,००० रुपये आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५,००,००० रुपये झाले. चालू खात्यातील शिल्लकही या विम्यात समाविष्ट आहे.

तथापि ही मर्यादा खात्यागणिक नसून एका बँकेतील एका ठेवीदारास मिळून असते. एकल मालकाच्या दुकानाचे चालू खाते व त्याच बँकेतील त्याची वैयक्तिक बचत व मुदत ठेवी एकत्र मोजल्या जातात. भागीदारी संस्थेची ठेव मात्र भागीदारांच्या वैयक्तिक ठेवींपासून वेगळी धरली जाते.

हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष तीव्रतेने जाणवला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा प्रारंभी प्रत्येक खातेदारास केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बचत आणि चालू या दोन्ही खात्यांना हीच मर्यादा लागू होती. जूनमध्ये २०२० साली ती १,००,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आली आणि २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. अशा प्रसंगी बचत खातेदाराची पुंजी अडकते. चालू खातेदाराचे खेळते भांडवल अडकल्याने कामगारांचे पगार व पुरवठादारांची देणीही थांबतात. सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद लागू झाली आहे.

नागरी सहकारी बँकांतील ठेवींना हा विमा आहे. पतसंस्थांमधील ठेवींना तो नाही, मग खात्याचे नाव काहीही असो.

खातेदाराचा मृत्यू आणि निष्क्रिय खाते

व्यक्तीच्या किंवा एकल मालकीच्या चालू खात्यास नामनिर्देशन करता येते. कंपनी वा भागीदारी संस्थेच्या खात्यास ते करता येत नाही. अशा व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या चालू खात्यातील शिलकेवर मृत्यूच्या दिनांकापासून वारसांना रक्कम देईपर्यंत बचत खात्याच्या दराने व्याज द्यावे लागते. चालू खात्यावर व्याज न देण्याच्या नियमाला असलेला हा अपवाद अनेक वारसांना ठाऊक नसतो, म्हणून तो मागून घ्यावा लागतो.

खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार न केल्यास ते निष्क्रिय ठरते. दहा वर्षांनंतर रक्कम ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. त्यानंतरही खातेदार किंवा वारस बँकेकडे ती मागू शकतात. बेवारस ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले.

बँकांच्या दृष्टीने महत्त्व

चालू व बचत खात्यांतील ठेवींना मिळून बँकिंगच्या परिभाषेत 'कासा' म्हणतात. चालू खात्यातील पैसा बँकेला बिनव्याजी मिळतो, म्हणून एकूण ठेवींत 'कासा'चे प्रमाण जितके अधिक, तितका बँकेचा निधी स्वस्त. मात्र हा पैसा केव्हाही काढला जाऊ शकतो, त्यामुळे बँकेला त्यासाठी पुरेशी रोकड हाताशी ठेवावी लागते. खातेदारास मिळणाऱ्या अनेक 'मोफत' सेवांची किंमत वस्तुतः या न मिळालेल्या व्याजातून वसूल होत असते.

अन्य देशांतील स्थिती

मागणी ठेवींवर व्याज न देण्याचा नियम केवळ भारतात नव्हता. अमेरिकेत महामंदीनंतर १९३३ च्या बँकिंग कायद्याने अशा ठेवींवर व्याज देण्यास मनाई केली. ठेवी ओढण्यासाठी बँकांनी व्याजाची चढाओढ करू नये, हा त्यामागील विचार होता. ही मनाई २१ जुलै २०११ रोजी उठली. तेथील चेकिंग खात्यांना २,५०,००० डॉलरपर्यंत विमा संरक्षण आहे. अधिकर्षासाठी प्रत्येक वेळी आकारले जाणारे शुल्क हा तेथे दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे.

निवड

नियमित व मोठी उलाढाल, संस्थेच्या नावाने व्यवहार, किंवा अधिकर्षाची गरज असल्यास चालू खाते अपरिहार्य ठरते. कंपनी व भागीदारी संस्थांपुढे तर दुसरा पर्यायच नसतो. पगारदार, निवृत्त किंवा क्वचित व्यवहार करणाऱ्या व्यक्तीला मात्र त्याचा उपयोग नाही. तिच्यासाठी बचत खातेच हितावह होय. ज्यांना किमान शिल्लक ठेवणे परवडत नाही, अशा व्यक्तींसाठी २०१२ पासून किमान शिलकेची अट नसलेले मूलभूत बचत ठेव खाते उपलब्ध आहे.

लहान व्यावसायिकाने खाते निवडताना किमान शिलकेची रक्कम, रोख भरण्याची मोफत मर्यादा, परत आलेल्या धनादेशाचे शुल्क आणि जादा शिल्लक मुदत ठेवीत वर्ग करण्याची सोय, या चार बाबी आधी तपासणे इष्ट असते. रोजच्या देण्यांपुरती रक्कम चालू खात्यात आणि उरलेली मुदत ठेवीत ठेवल्यास व्याजाचा तोटा मर्यादित राहतो. बँकेच्या सेवेतील त्रुटीबाबत बँकेने ३० दिवसांत समाधान न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.